मंजनवाल्याच्या घरची मशेरी

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणणारा माणूस उंद्रीच्या भाऊरावांना भेटला नसावा. भाऊरावांनी अडतीस वर्षं लोकांच्या दातांवरच पोट भरलं. त्यावर मुलीचं लग्न झालं, मुलगा भागवत शिकला, दोन एकरांच्या मळ्यात बोअर लागली. रोज सकाळची सात-वीसची खामगाव गाडी उंद्रीच्या स्टॉपवर थांबली की खांद्याला रेक्झिनची पिशवी लावलेले, सदुसष्ट वर्षांचे, बुटके भाऊराव सगळ्यांच्या शेवटी चढायचे, एका सीटच्या दांड्याला पाठ टेकायचे आणि ड्रायव्हरनं गिअर बदलला की तोंड उघडायचे.

"ऐका मायबाप! तुमच्या पंजोबानं दात कायनं घासले? राखुंडीनं. आजोबानं? बाभयीच्या काडीनं. बापानं? बापानं दुकानातली लाल पावडर आनली. बोट लाल, धोतर लाल, मोरी लाल. अन् तुमी? तुमी त बाप्पा फेस करून राह्यले! तोंड धुता का कपडे?"

गाडीत हसू फुटायचं. हसलेला माणूस खिशात हात घालतो, हे भाऊरावांना पहिल्या वर्षातच कळलं होतं. मग ते हुकमाचं पान टाकायचे.

"आता ह्या ब्रशची गोष्ट सांगतो. पाचशे वर्षांआधी चीनमंधी कोनीतरी हाडाची दांडी घेतली, तिले बारीक भोकं पाडले अन् त्याच्यात केस बशिवले. कायचे केस? घोड्याचे? नाही. बकरीचे? नाही. डुकराचे, मायबाप, डुकराचे!"

एवढं झालं की एखादी म्हातारी पदरानं तोंड पुसायची, एखादा कॉलेजचा पोरगा घाईघाईनं गुटख्याची पुडी लपवायचा, आणि भाऊराव प्रत्येकाच्या तळहातावर काळ्या मंजनाची एक चिमूट ठेवत पुढं सरकायचे. फुकट. चोळा, चव घ्या, खिडकीतून थुंका. पुढचा स्टॉप येईपर्यंत आठ-दहा डब्या जायच्या. गुरुवारी शेगावची गर्दी असली तर पिशवी दुपारीच रिकामी व्हायची.

डुकराच्या केसांची गोष्ट त्यांना चिवड्याच्या पुड्याला आलेल्या एका मासिकाच्या पानावर सापडली होती, आणि ती खोटी नव्हती. पण सहावीत शिकणाऱ्या नातीनं, छकुलीनं, शाळेच्या प्रकल्पासाठी आईचा मोबाइल घेऊन सगळा इतिहास खणून काढला आणि आजोबांना ओट्यावर उभं केलं. म्हणाली, ब्रशला नायलॉनचे धागे लागून ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं झाली. म्हणाली, पेस्ट आधी नळीत नव्हतीच, चिनी मातीच्या बरणीत यायची आणि घरातले सगळे तिच्यात आपापला ब्रश बुडवायचे, शी!

"आबा, तुमी बसमंधी खोटं सांगता."

"खोटं कुठं व? मी पह्यला ब्रश म्हनतो. आत्ताचा म्हनतो का?"

भाऊराव मिशीत हसले. पण खरं सांगायचं तर ब्रशनं त्यांच्या घरात केव्हाच पाय पसरले होते. पहिला ब्रश आणला भागवतनं. चिखलीला कॉलेजात असताना पोरगं सुट्टीला आलं, आणि एखादं पोर विडी लपवतं तसा त्यानं ट्रंकेत कपड्यांखाली ब्रश आणि पेस्ट लपवली होती. भाऊराव चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पुढं सून आली ती मलकापूरची, अनुपमा. तिनं लपवाछपवी केली नाही. मोरीच्या वरच्या कोनाड्यात स्टीलचा ग्लास ठेवला आणि त्यात ब्रश उभे केले, बास. भाऊरावांना सुनेशी अबोला धरता येईना, मग त्यांनी त्या कोनाड्याकडे पाहणंच सोडून दिलं. जुना ब्रश फवारणीच्या पंपाचा नोझल साफ करायला फार कामाचा असतो, एवढं मात्र त्यांनी खासगीत भागवतजवळ कबूल केलं होतं.

आता मंजनाबद्दल. विकायचे भाऊराव, बोलायचे भाऊराव, डबीवर नाव भाऊरावांचं, पण मंजन होतं मंजुळाबाईंचं. बाभळीची साल, हिरडा, सैंधव, लवंग, ओवा आणि आणखी एक-दोन जिन्नस, जे त्यांनी नवऱ्यालाही कधी नीट सांगितले नाहीत. साल किती भाजायची, कधी उतरवायची, हे त्या वासावर ठरवत. पाट्यावर वाटलेली पूड दोन बोटांत चोळून पाहत आणि एवढंसं मीठ टाकत. भाऊराव शेजारी बसून डब्या भरायचे आणि त्या वेळीही त्यांचं तोंड चालूच असायचं.

आणि ह्या मंजुळाबाई स्वतः काय लावत होत्या? मशेरी. तंबाखूची पानं खापरावर काळी होईस्तोवर भाजायची, हातानं चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी चिमूट चिमूट घेऊन दातांवर, हिरड्यांवर चोळायची. लग्न झालं तेव्हापासून. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या तालुक्याला निरोगी दातांचं ज्ञान देणाऱ्या माणसाच्या परसदारी रोज तंबाखू भाजली जात होती. भाऊरावांनी त्याचा कधी विचार केला नव्हता. गावातल्या निम्म्या बायका लावतात. बायकांचं ते बायकांना ठाऊक.

मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी, शाळा उघडल्या उघडल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत दातांची तपासणी झाली. चिखलीहून अश्विनी नावाच्या तरुण डॉक्टर आल्या होत्या. पोरांची तपासणी लवकर आटोपली म्हणून त्यांनी घरच्या मोठ्या माणसांनाही घेऊन या म्हटलं, आणि छकुली आजीला हाताला धरून ओढतच घेऊन गेली. अर्ध्या तासानं ती एकटी पळत परत आली.

"आबा, तुमाले बलावलं. आत्ताच्या आत्ता."

भाऊराव नुकतेच गाडीतून उतरले होते. पिशवीसकट शाळेत गेले. व्हरांड्यात गेल्यावर पिशवी आपोआपच त्यांच्या पायामागं गेली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून मंजुळाबाईंचा खालचा ओठ उलटा केला आणि त्यांना दाखवलं. आत, हिरडीच्या खाली, बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता. पुसला तरी जात नव्हता.

"बाबा, हे मशेरीनं झालंय. आज हा कॅन्सर नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या, "पण असे चट्टे कधी कधी त्याच वाटेला जातात. तंबाखू आजपासून बंद. तीन महिन्यांनी मला दाखवा. तोवर कमी झाला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

मंजुळाबाई पदर सावरून खुर्चीवरून उतरल्या. वाटेत त्या म्हणाल्या, "अनुपमानं कुकर लावला असंन का नाही कोन जाने." भाऊरावांना बोलायला शब्द सापडला नाही, आणि हे त्यांच्या आयुष्यात फार वेळा झालेलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणापर्यंत मात्र शब्द परत आले. त्यांनी भागवतला आणि सुनेला सांगून टाकलं, काळजी करू नका. साठ अनोळखी माणसांना मी दहा मिनिटांत पटवतो, घरच्या एका बाईला पटवायला असा कितीसा वेळ लागेल? आठ दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई भांडी घासत असताना ते समोर उभे राहिले. घसा खाकरला. आधी तंबाखूची उत्पत्ती सांगितली, मग तिचे दुष्परिणाम, मग हिरडीची रचना, मग गावात कोण कोण तोंडाच्या आजारानं गेलं त्यांची नावं. आवाज छान लागला होता. शेवटी ते गहिवरले, आणि ते गहिवरणं खरं होतं.

मंजुळाबाईंनी शेवटचं पातेलं पालथं घातलं. "झालं? उतरा मंग. स्टॉप आला तुमचा."

तरी त्यांनी सगळ्यांसमोर डबी उकिरड्यावर टाकली. घरात आनंद झाला. दोन दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं, भाकरी करपल्या, छकुलीवर विनाकारण ओरडल्या. तिसऱ्या दिवशी त्या शांत झाल्या, हसायला लागल्या, आणि भाऊरावांना वाटलं, जिंकली लढाई. पाचव्या दिवशी तुरीच्या डाळीच्या डब्यात त्यांना दुसरी डबी सापडली. शेजारच्या भिमाबाईकडून आणलेली. भाऊराव त्या डब्याशेजारी खाली बसले. त्यांना राग आला नाही, भीती वाटली. त्या चट्ट्याचा पांढरा रंग त्यांच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. बसमध्ये बोलता बोलता ते मध्येच थांबू लागले, आणि कंडक्टर धम्मरत्नला विचारावं लागलं, "काका, बरं नाही का आज?"

मग त्यांना युक्ती सुचली. जन्मभर पुड्यांचा धंदा केलेल्या माणसाला दुसरी कुठली सुचणार? एका दुपारी ते मळ्यातल्या खोपटात गेले, दाणे काढलेली मक्याची कणसं जाळली, ओवा आणि लवंग भाजली, मीठ घातलं, दगडावर सगळं कुटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातानं पूड केली. रंग अगदी मशेरीसारखा आला. घरी येऊन त्यांनी डाळीच्या डब्यातल्या डबीत एक चमचा मशेरी कमी केली आणि एक चमचा आपली पूड घातली. आठ दिवसांनी दोन चमचे घालायचे, मग तीन. पावसाळा संपेपर्यंत डबीत तंबाखूचा कणही उरणार नव्हता आणि तिला पत्ताही लागणार नव्हता. स्वतःच्या हुशारीवर ते इतके खूश झाले की रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले तेव्हा मंजुळाबाई ओट्यावर बसल्या होत्या. डबी मांडीवर होती.

"मीठ जास्त झालं," त्या म्हणाल्या.

भाऊराव भिंतीकडे पाहू लागले.

"अन् लवंग भाजाची नसते, नुसती कुटाची असते. धूर खाल्ला तिनं. अडतीस वर्षं तुमच्या मंजनात माह्यं बोट हाय. मले समजनार नाही?"

भाऊरावांना हसू आलं. त्यांना वाटलं, बायकोही हसेल आणि प्रकरण मिटेल. पण मंजुळाबाईंचा आवाज बदलला. "साऱ्या घरानं मले सांगतलं, ठीक हाय. तुमी भाषन केलं, तेबी ठीक हाय. पन डबी बदलता? लहान लेकराले गुयाच्या खड्यात दवा देतेत तसं? एकदा इचारलं असतं त जीव गेला असता का तुमचा?"

"काय इचाराचं?"

"तेबी मीच सांगू?"

त्या उठून आत गेल्या. त्या रात्री त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊरावांनी कोणाला सांगायचं? ते रात्रभर आठवत राहिले की आपण हिला शेवटचं कधी काय विचारलं होतं. पाणी तापलं का, हे आठवलं. डब्या किती झाल्या, हे आठवलं. याच्या पलीकडं काही आठवेना.

सकाळी नेहमीप्रमाणे ते पिशवी घेऊन स्टॉपवर गेले. सात-वीसची आली. धम्मरत्न दारातून म्हणाला, "या काका." भाऊरावांनी पाय उचलला आणि परत खाली ठेवला. म्हणाले, "तू जाय आज." गाडी निघून गेली. ते मागच्या बोळानं घराकडं वळले. बायकोची माफी मागावी आणि काय विचारायचं राहिलं ते विचारावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. घरात कोणाला माहीत नव्हतं की ते परत आलेत.

परसदारी शेवग्याखाली कपडे धुवायचा मोठा दगड आहे. मंजुळाबाई त्यावर बसल्या होत्या. एक पाय खाली सोडलेला, दुसरा दुमडलेला, तोंडात बोट. भाऊराव गोठ्याच्या भिंतीआड थांबले. त्यांनी बायकोला कामात पाहिलं होतं, जेवताना पाहिलं होतं, आजारी पाहिलं होतं. अशी बसलेली कधी पाहिली नव्हती. रोज ह्या वेळी तर ते गाडीत उभे असायचे.

अनुपमा दारात आली. "आत्याबाई, जिऱ्याचा डबा..." म्हणाली, सासूच्या तोंडातलं बोट पाहिलं आणि परत गेली. थोड्या वेळानं भागवत मजुरांच्या चहाचं काही तरी विचारायला आला, त्यानंही पाहिलं, मान हलवली आणि स्वतःच चुलीकडं वळला. छकुली वेणीची रिबन घेऊन आली, दोन पावलं अलीकडंच थांबली आणि "आई, तूच घालून दे व" म्हणत आत पळाली. भिमाबाई कुंपणाच्या फटीतून आल्या, दगडाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या, त्यांनीही तोंडात चिमूट धरली. दोघी एकमेकींशी एक अक्षरही बोलल्या नाहीत. मंजुळाबाई शेवग्याच्या शेंड्याकडे पाहत होत्या. चेहरा इतका निवांत होता की भाऊरावांना क्षणभर त्यांच्या लग्नातली नवरी दिसली. वीस मिनिटं गेली असतील. मग मंजुळाबाईंनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि त्या पाण्याचा आवाज ऐकून जणू सगळं घर एकदम जागं झालं. "आत्याबाई, जिरं?" "माय, दोरी कुठं ठेवली?" "आजी, रिबन!"

त्या उठल्या आणि दुपारपर्यंत परत बसल्या नाहीत.

भाऊरावांनी त्यांना मळ्याच्या वाटेवर गाठलं.

"गाडी चुकली?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"सोडली." भाऊराव सोबत चालू लागले. "मंजुळे, काऊन सुटत नाही ते? सांग. मी मधात बोलत नाही."

मंजुळाबाई एकदम थांबल्या. नवरा खरंच बोलत नाही असं दिसल्यावर त्या बांधावर बसल्या.

"लत हाय, मी नाही म्हनत नाही. डोस्कं दुखते. पन लत सोडता येते हो. तान्ही लेकरं घेऊन म्या दुसरं काय काय सोडलं. हे बसनं कसं सोडू? तोंडात मशेरी असली का कोनी काम सांगत नाही. बोलता येत नाही, उठता येत नाही, सारे समजून घेतेत. लगनाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईनं मले डबी देल्ली. मले उलटी झाली. त्या म्हने, लाव व पोरी, ह्या घरात बसाचं असंन त तोंड भरूनच बसा लागते. त्या बी तशाच बसत. दिवसातून तेवढीच येळ माही हाय. ते बी घेऊन टाकता, अन् बदल्यात काय देता? भाषन?"

भाऊराव त्यांच्याशेजारी बांधावर टेकले. अडतीस वर्षं त्यांनी रोज साठ माणसांना तोंड उघडायला लावलं होतं, आणि घरातल्या बाईला गप्प बसण्यासाठी तोंडात विष धरावं लागत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोबद्दल इतकी माया दाटून आली की त्यांनी बांधावरच्या गवताचे तुकडे करून टाकले.

त्या संध्याकाळी उंद्रीच्या बाजारपेठेत लोकांनी एक अजब गोष्ट पाहिली. मंजनवाले भाऊराव किराणा दुकानात उभे राहून मऊ धाग्यांचे दोन ब्रश आणि पेस्टची नळी मागत होते. दुकानदारानं दोनदा विचारलं, "कोनासाठी?"

त्यामागचा हिशेब साधा होता. बोटानं मंजन लावलं तर दोन मिनिटांत काम संपतं. पेस्टचा फेस मात्र तोंडभर होतो, आणि फेस भरलेल्या माणसाशी कोणी बोलत नाही. ज्या फेसाची त्यांनी गाडीत जन्मभर टिंगल केली, तोच आता त्यांना हवा होता.

सकाळी सातला ते ब्रश घेऊन दगडावर जाऊन बसले. मंजुळाबाईंनी ब्रशकडं पाहिलं आणि दोन बोटं लांब सरकल्या. "डुकराचे केस हायेत त्याले. तुमीच सांगता."

"नायलॉन हाय व. छकुलीले इचार."

"मंग बसमंधी काऊन सांगता?"

भाऊरावांनी उत्तर द्यायचं टाळून ब्रश तोंडात घातला आणि पहिल्याच झटक्यात दांडी गालावर आदळून घेतली. छकुलीनं येऊन दोघांना शिकवलं: ब्रश असा तिरपा, गोल फिरवायचा, जोरात नाही, दोन मिनिटं पुरे. ती शाळेची तयारी करायला आत गेली आणि हे दोघं तोंड मिटून, फेस आत धरून, शेवग्याखाली बसून राहिले. सात-वीसच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. भाऊराव हलले नाहीत. भागवत दोरी विचारायला आला, तेव्हा बापानं नुसता हात वर केला. अनुपमानं खिडकीतून पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि बराच वेळ हसली. मग तिनं जिरं स्वतःच शोधलं.

हे काही एका दिवसात जमलं नाही. मंजुळाबाईंचं डोकं पुन्हा ठणकलं, चिडचिड व्हायची. दुपारी तलफ आली की त्या ओव्याची चिमूट चघळत. दोनदा त्यांनी भिमाबाईकडून मशेरी घेतली, आणि दोन्ही वेळा भाऊराव घरी आल्यावर स्वतःच सांगितलं. भाऊरावांनी भाषण दिलं नाही. फक्त म्हणाले, "बरं. उद्या बसू." भाऊराव आता नऊच्या गाडीनं जायचे, आणि तिला पहिल्या गाडीसारखी गिऱ्हाइकं नसायची. पिशवी रोज अर्धी भरलेलीच परत यायची. धम्मरत्ननं एकदा रस्त्यात गाठून विचारलं, "काका, सात-वीसवाले लोक तुमाले इचारतेत. काय सांगू?"

"सांग, काका घरी बसून राह्यले."

भाद्रपदात तीन महिने भरले. चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ओठ उलटा करून पुष्कळ वेळ पाहिलं. भाऊराव खुर्चीच्या मागं उभे होते.

"आजी, कमालच केलीत," डॉक्टर म्हणाल्या. "चट्टा निम्म्याहून कमी झालाय. आत्ता तुकडा काढायची गरज दिसत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवत जा मात्र, आणि तंबाखू कायमची बंद." मग त्यांनी भाऊरावांकडे वळून विचारलं, "बाबा, तुम्ही मंजन विकता ना? एकदा मला आणून दाखवा. जाडंभरडं असलं तर वस्त्रगाळ करायला सांगा. दात झिजतात."

"करतो," भाऊराव म्हणाले. अडतीस वर्षांत मंजनाला नावं ठेवणाऱ्या माणसाशी ते पहिल्यांदाच वाद न घालता बोलले. बाहेर आल्यावर त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मंजुळाबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि भाजीच्या गाडीवाल्याशी कोथिंबिरीवरून उगाच वाद घातला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी नवऱ्याची पिशवी डब्यांनी भरून ठेवली. "आता जा तुमी सात-वीसनं. लोक वाट पाहून राह्यले."

"अन् तू?"

"जा म्हटलं ना."

भाऊराव निघाले. पण मन पुढं जाईना. मागच्या बोळाच्या तोंडाशी जाऊन ते थांबले आणि वळून पाहू लागले.

मंजुळाबाई परसदारी आल्या. मोरीवर जाऊन त्यांनी दात घासले, चूळ भरली, ब्रश कोनाड्यातल्या ग्लासात ठेवला. भाऊरावांना वाटलं, संपलं सगळं. आता त्या परत आत जाणार, आणि पुन्हा कधी बसणार नाहीत. चूळ भरल्याचा आवाज ऐकून घरातून हाक आलीच. "आत्याबाई, दुधाचं पातेलं कुठं हाय?"

मंजुळाबाई चालत शेवग्याखाली गेल्या. पदर सावरला आणि दगडावर बसल्या. तोंडात मशेरी नव्हती, फेस नव्हता, काहीच नव्हतं.

"बसून राह्यली मी," त्या म्हणाल्या. स्वच्छ आवाजात, भाऊरावांना बोळातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

अनुपमा दारात आली. सासूकडं पाहत उभी राहिली, एका हातात सांडशी, कपाळावर घाम. आत कोणीतरी तिलाही हाक मारत होतं. मंजुळाबाई थोड्या सरकल्या आणि त्यांनी दगडावरची मोकळी जागा हातानं झाडली.

"दूध राहू दे व थोडं. ये, तू बी बस."